भरलेल्या खडकात जागा किती? कार्बन डायऑक्साइड साठवणुकीसाठी जमिनीखालचे थर कसे तपासावेत

कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवायचा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखादी मोठी गुहा येते. गुहा रिकामी, वायू आत सोडायचा, वरून बूच लावायचे. प्रत्यक्षात खाली गुहा नसते. असतो तो वाळूच्या कणांनी बनलेला, हातात घेतला तर घट्ट वाटणारा दगड. त्याच्या कणांमधल्या बारीक फटी खाऱ्या पाण्याने आधीच काठोकाठ भरलेल्या असतात. त्यात वायू घालायचा तर पाण्याने बाजूला सरकले पाहिजे, थोडे दबले पाहिजे किंवा खडकाने कणभर फुगले पाहिजे. तिन्हींसाठी दाब वाढतो. म्हणून थर तपासताना ‘जागा किती आहे’ यापेक्षा ‘दाब किती सोसेल’ हा प्रश्न हाताशी ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीवर तोच पुन्हा समोर येणार आहे.

पायरी १ : आधी मागणी लिहून काढा

वर्षाला किती टन, किती वर्षे, आणि वायू किती शुद्ध. हे तीन आकडे नसतील तर खडक चांगला की वाईट हे ठरवताच येत नाही. या लेखात हिशोबासाठी वर्षाला १० लाख टन आणि २५ वर्षे, म्हणजे एकूण २.५ कोटी टन, अशी मागणी धरू. शुद्धता विसरू नका. नायट्रोजन किंवा हायड्रोजन मिसळलेला असला तर वायूची घनता घटते आणि तेवढ्याच टनांना जास्त जागा लागते.

पायरी २ : नकाशावरची चाळणी

पहिली चाळणी खोलीची. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू सुमारे ३१ अंश सेल्सिअस आणि ७.४ मेगापास्कल (एक मेगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण दहापट). याच्या पलीकडे तो ना धड वायू राहतो, ना धड द्रव. घनता द्रवाच्या जवळची, वाहण्याची सहजता वायूसारखी. जमिनीखाली दर किलोमीटरला दाब साधारण १० मेगापास्कलने वाढतो, म्हणून ८०० मीटर हा आकडा सगळीकडे सांगितला जातो.

तो आकडा डोळे मिटून वापरू नका. ८०० मीटरवर दाब ८ मेगापास्कल धरला, तर ३५ अंश तापमानाला घनता भरते घनमीटरला सुमारे ४२० किलो. तापमान ४० अंश असेल तर ती २८० वर येते. पाच अंशांत साठ्याची तिसऱ्या हिश्श्याइतकी घट! क्रांतिक बिंदूजवळ हा पदार्थ असाच चंचल असतो. १५०० मीटरवर, १५ मेगापास्कल आणि ६० अंशांना घनता ६०० च्या आसपास स्थिरावते. त्यानंतर आणखी खोल गेल्याने घनतेत फारसे हाती लागत नाही. खोदाईचा खर्च मात्र वाढत जातो. गरम खोऱ्यांत ८०० मीटरवर समाधान मानू नका, आणि त्या खोऱ्यात प्रत्यक्ष मोजलेले तापमान मिळवल्याशिवाय घनतेचा आकडा कागदावर लिहू नका.

दुसरी चाळणी पाण्याची. थरातले पाणी पिण्याजोगे किंवा पुढे कधी वापरता येईल असे असेल, तर तो थर तिथेच बाद. अमेरिकेच्या नियमांत लिटरमागे १०,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेले पाणी संरक्षित मानले जाते. इतरत्र नियम वेगळे असले तरी विचार करायला ही रेघ सोयीची आहे.

तिसरी चाळणी थराच्या जातीची. खाऱ्या पाण्याचे खोल वालुकाश्म सर्वांत जास्त पसरलेले, पण त्यांच्याविषयीची माहिती सर्वांत तुटपुंजी. उपसून झालेली तेल-वायू क्षेत्रे माहितीने समृद्ध. त्यांच्या झाकणाने, म्हणजे साठ्यावरच्या अभेद्य थराने, लाखो वर्षे वायू धरून ठेवल्याचा पुरावा समोर असतो, आणि उपशामुळे दाबही उतरलेला असतो. त्यांची दुखरी नस वेगळी आहे, ती पुढच्या पायरीत. बेसॉल्टचे गणित निराळे, त्याला शेवटी जागा दिली आहे.

पायरी ३ : जुनी कागदपत्रे आणि जुन्या विहिरी

नवीन विहीर खोदण्याआधी जुन्या विहिरींचे लॉग (विहिरीत उपकरणे सोडून घेतलेल्या खोलीनुसार नोंदी), कोअर (कापून काढलेले खडकाचे दंडगोल), पाण्याचे नमुने आणि सिस्मिक सर्वेक्षणे (ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून काढलेली थरांची चित्रे) गोळा करा. इथे आळस केला तर पुढे महागात पडतो.

त्या परिसरातली प्रत्येक जुनी विहीर एका तक्त्यात मांडा: किती खोल, तुमच्या थरापर्यंत पोहोचते का, सिमेंट कुठून कुठपर्यंत आहे, बंद करताना काय भरले, आणि त्याची नोंद कोणी केली. ‘बंद केली’ एवढाच शेरा असेल तर ती उघडी आहे असे धरून चाला. यूटामधल्या ग्रीन रिव्हर गावाजवळचा क्रिस्टल गायझर हे याचे बोलके उदाहरण. पर्यटक निसर्गाचा चमत्कार म्हणून बघायला जातात, तो खरे तर १९३० च्या दशकात तेलाच्या शोधात खोदलेल्या विहिरीतून उसळणारा, कार्बन डायऑक्साइडने भरलेला पाण्याचा फवारा आहे. खालच्या नैसर्गिक साठ्याला एका नळीने वाट दिली, ती आजही वाहते आहे.

तेल-वायू क्षेत्रांची दुखरी नस हीच. झाकण उत्तम, पण त्याला माणसाने पाडलेली भोके शेकड्याने. माझ्या मते ज्या क्षेत्राच्या विहिरींची कागदपत्रे हरवली आहेत, ते कितीही मोहात पाडणारे असले तरी यादीत खाली ढकलावे.

पायरी ४ : साठ्याचा थर

इथे दोन गुण बघायचे. सच्छिद्रता म्हणजे खडकात फटींचा वाटा किती, आणि पार्यता म्हणजे त्या फटी एकमेकींना किती जोडलेल्या आहेत. शेलमध्ये, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या दगडात, फटी भरपूर असू शकतात, पण त्या इतक्या सूक्ष्म की त्यातून काहीही वाहत नाही. सच्छिद्रता १५ ते २० टक्क्यांच्या वर आणि पार्यता १०० मिलिडार्सीच्या (डार्सी हे पार्यतेचे एकक, मिलिडार्सी त्याचा हजारावा भाग) वर असली तर सुरुवात चांगली.

पण एकट्या पार्यतेला भुलू नका. तिला थराच्या जाडीने गुणा. विहीर वायू किती सहज गिळेल हे त्या गुणाकारावर ठरते. दोन खरी ठिकाणे शेजारी ठेवून बघा. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर येथे १९९६ पासून उत्सिरा वालुकाश्मात वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास वायू घातला जात आला. जाडी २०० मीटरच्या घरात, पार्यता एक डार्सीहून जास्त. एका विहिरीत काम भागले. अल्जीरियात इन सालाह येथे थर जेमतेम २० मीटर आणि पार्यता १० मिलिडार्सीच्या आसपास. गुणाकार केला तर दोहोंत किमान हजारपट अंतर पडते. इन सालाहला लांबच लांब आडव्या अशा तीन विहिरी लागल्या, आणि तरीही दाबाने पुढे काय केले ते पाहूच.

सरासरी हा या पायरीवरचा मोठा धोका आहे. स्लाइपनरच्या वाळूत जेमतेम मीटरभर जाडीचे शेलचे पापुद्रे होते. १९९४ च्या सर्वेक्षणात ते दिसले नव्हते. १९९९ साली पुन्हा सिस्मिक घेतले तेव्हा वायू त्या पापुद्र्यांखाली थरावर थर पसरलेला दिसला, आणि सर्वांत वरच्या झाकणापर्यंतही पोहोचलेला होता. तिथे हे फायद्याचेच ठरले, कारण वायू जास्त खडकाला भिडला. दुसरीकडे असाच पापुद्रा साठ्याचे बंद कप्पे करून टाकू शकतो. म्हणून लॉगमधली बारीक शेलची रेघ पुसून टाकू नका. ती शेजारच्या विहिरीत सापडते का ते बघा.

पायरी ५ : झाकण

साठलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यापेक्षा हलका, म्हणून तो वर चढू पाहतो. वर शेल, पंकाश्म, मीठ किंवा ॲनहायड्राइट यांचा अखंड थर हवा. तो किती ताण सोसेल याचा साधा हिशोब करता येतो. पाण्याची घनता १०५० आणि वायूची ६०० धरली तर फरक ४५० किलोंचा. ४० मीटर उंचीचा वायूचा स्तंभ झाकणावर वरच्या दिशेने सुमारे ०.१८ मेगापास्कल जोर लावतो. चांगल्या शेलच्या सूक्ष्म छिद्रांत शिरायला वायूला २ मेगापास्कल लागत असतील, तर ते झाकण साडेचारशे मीटरचा स्तंभही धरून ठेवेल.

प्रयोगशाळेत हा शिरकावाचा दाब पारा दाबून मोजतात आणि मग पृष्ठताणाच्या फरकानुसार कार्बन डायऑक्साइड व खाऱ्या पाण्यासाठी बदलून घेतात. हा बदल न करता पाऱ्याचाच आकडा वापरलात तर झाकण प्रत्यक्षापेक्षा कितीतरी भक्कम भासेल.

एकूण पाहता अखंड शेलच्या अंगातून गळती होण्याची भीती कमीच. न्यू मेक्सिकोतल्या ब्राव्हो डोममध्ये निसर्गाने कार्बन डायऑक्साइड दहा लाखांहून जास्त वर्षे धरून ठेवला आहे. घात होतो तो भेगांतून, प्रस्तरभंगांतून (ज्या भेगेवर दोन्हीकडचे खडक एकमेकांपासून सरकले आहेत ती) आणि विहिरींतून. म्हणून झाकणाची जाडी मोजण्यापेक्षा त्याचा अखंडपणा शोधण्यात जास्त वेळ घालवा. प्रत्येक प्रस्तरभंगासाठी तीन गोष्टी नोंदवा: तो झाकण पूर्ण कापतो का, त्याच्या दोन्ही बाजूंना आता कोणते थर समोरासमोर आले आहेत, आणि आजच्या ताणाच्या दिशेशी त्याचा कोन किती आहे. शेवटची नोंद लोक विसरतात. शांत पडलेला प्रस्तरभंग दाब वाढल्यावर सरकेल की नाही, ते त्या कोनावरच बरेचसे ठरते.

पायरी ६ : क्षमतेचे तीन आकडे

हा या लेखाचा गाभा. समजा, १०० चौरस किलोमीटरचा थर आहे, जाडी ५० मीटर, सच्छिद्रता २० टक्के, खोली १५०० मीटर.

फटींचे एकूण आकारमान काढा: क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले सच्छिद्रता. उत्तर येते १०० कोटी घनमीटर. घनमीटरला ६०० किलो धरले तर ६० कोटी टन. आपली मागणी २.५ कोटींची, म्हणजे हवा तेवढा खडक! सादरीकरणांत दिसणारा आकडा बहुधा हा असतो. तो निरर्थक आहे, कारण त्यात सगळे पाणी नाहीसे झाले असे गृहीत धरले आहे.

दुसरा आकडा कार्यक्षमतेचा. वायू सगळ्या फटींत जात नाही. तो वरच्या बाजूने पसरतो, चांगल्या वाटा पकडतो, आडबाजूचा खडक तसाच सोडतो. खाऱ्या पाण्याच्या थरांत फटींचा एक ते पाच टक्के भागच वापरात येतो असे ढोबळमानाने धरतात. दोन टक्के घेतले तर १.२ कोटी टन. मागणीच्या निम्मेही नाही.

तिसरा आकडा दाबाचा, आणि इथे बऱ्याच चांगल्या जागा गळतात. थर चहूबाजूंनी प्रस्तरभंगांनी किंवा शेलने बंद असेल, तर पाण्याला जायला वाट नाही. मग जागा होते ती पाणी आणि खडक दबण्यातून. दोघांची मिळून संपीड्यता, म्हणजे दाबाने आकारमान किती बदलते ते प्रमाण, एका मेगापास्कलला साधारण हजारात एक भाग असते. १५०० मीटरवर मूळचा दाब १५ मेगापास्कल. खडक २४ मेगापास्कलला फुटतो असे चाचणीत आढळले, आणि त्याच्या ९० टक्क्यांची मर्यादा पाळली, तर वरची रेघ २१.६ वर. सुरक्षेसाठी थोडी मोकळीक ठेवून सगळ्या थरात सरासरी ५ मेगापास्कल वाढ मान्य करू. म्हणजे हजारात पाच भाग जागा: ५० लाख घनमीटर, ३० लाख टन.

खडक तोच, पण उत्तरे ६० कोटी, १.२ कोटी आणि ३० लाख. शेवटच्या आकड्याने आपला प्रकल्प तीन वर्षांत दाराशी अडतो. थर उघडा असेल, म्हणजे दूरवर पसरलेल्या जलधराशी (पाणी धरणाऱ्या थराशी) जोडलेला असेल, तर पाणी सरकत राहते आणि चित्र बरेच सुधारते. म्हणून ‘थर उघडा की बंद’ हा प्रश्न सच्छिद्रतेच्या दुसऱ्या दशांशापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. बंद थरातले खारे पाणी उपसून दाब उतरवणे हाही मार्ग आहे. मात्र त्या पाण्याचे पुढे काय करायचे हे त्याच दिवशी ठरवावे लागते.

पायरी ७ : चाचणी विहीर

आतापर्यंतचे सगळे अंदाज इथे तपासले जातात. विहीर खोदताना साठ्याच्या थराबरोबर झाकणाचाही कोअर घ्या. बजेट कापताना नेमका झाकणाचा कोअर उडवला जातो, हे मला कधीच कळलेले नाही. शेलचा कोअर बाहेर काढताच मेणात किंवा हवाबंद वेष्टनात गुंडाळा. वाळला की तो तडकतो आणि प्रयोगशाळा त्याच तडा भेगा म्हणून मोजते.

लॉगमध्ये गॅमा, घनता, न्यूट्रॉन, ध्वनिवेग आणि भिंतीची प्रतिमा किमान हवी. थरातल्या पाण्याचा नमुना खोदाईच्या चिखलाने बिघडणार नाही अशा रीतीने घ्या. क्षारता आणि पुढची सारी रासायनिक गणिते त्याच्यावर उभी असतात. झाकणात आणि साठ्यात खडक फोडून बघण्याची छोटी चाचणी करा. बारीकशी भेग पाडायची आणि ती कोणत्या दाबाला मिटते ते मोजायचे. तोच सर्वांत कमी ताणाचा आकडा, आणि पायरी ६ मधली वरची रेघ त्याच्यावरून आखायची.

मग सोडण्याची चाचणी. काही तास किंवा दिवस खारे पाणी ठरावीक वेगाने आत सोडा, झडप बंद करा आणि दाब कसा उतरतो ते पाहत बसा. उताराच्या वक्रात पार्यता आणि जाडीचा गुणाकार दडलेला असतो. जवळपास भिंत असेल तर वक्र ठरावीक वेळेनंतर वळण घेतो. यात एक मेख आहे. दुप्पट अंतरावरची भिंत बघायला चौपट वेळ लागतो. दोन दिवसांच्या चाचणीत भिंत दिसली नाही याचा अर्थ भिंत नाही असा होत नाही.

याची खरी किंमत नॉर्वेच्या स्नोव्हिट प्रकल्पात दिसली. २००८ साली तुबोएन थरात वायू सोडायला सुरुवात झाली. विहिरीजवळचा खडक चांगला होता, पण वाळूचे पट्टे एकमेकांशी अपेक्षेइतके जोडलेले नव्हते. दाब अंदाजापेक्षा वेगाने चढला. २०११ मध्ये त्याच विहिरीतून वरच्या स्तो थरात वायू सोडायचे ठरले. पर्यायी थर आधीच माहीत होता म्हणून प्रकल्प वाचला. तुमच्या अहवालातही दुसरा थर तयार ठेवा.

पायरी ८ : ताण, हादरे आणि तळाचा खडक

दाब फक्त साठ्याच्या थरात राहत नाही. इलिनॉयमधल्या डिकेटर येथे २०११ ते २०१४ दरम्यान माउंट सायमन वालुकाश्मात सुमारे दहा लाख टन वायू घातला गेला. सूक्ष्म हादऱ्यांच्या नोंदी मोठ्या संख्येने झाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच त्याखालच्या प्राचीन स्फटिकी खडकातून आल्या. वरच्या झाकणाकडे बघता बघता खालचा पाया विसरू नये. साठ्याचा थर थेट स्फटिकी पायावर टेकलेला असेल, तर मध्ये एखादा आडकाठी करणारा थर आहे का ते शोधा.

इन सालाह इथे पुन्हा येते. उपग्रहांच्या रडारने विहिरींवरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात असल्याचे टिपले. एका विहिरीवर उंचवट्याला दोन पाकळ्या दिसल्या. उभी भेग उघडल्याची ती खूण. २०११ मध्ये वायू सोडणे थांबवले गेले. तोवर ३८ लाख टनांच्या आसपास आत गेले होते.

पायरी ९ : संगणकावरचे मॉडेल

मॉडेल एकच करू नका. कमी पार्यता आणि बंद सीमा, जास्त पार्यता आणि उघडी सीमा, मधला प्रस्तरभंग गळका आणि तोच बंद, अशा जोड्या लावा. प्रत्येकात दोन कडा नकाशावर काढा: वायू कुठवर पोहोचला, आणि वाढलेला दाब कुठवर पोहोचला. दुसरी कड पहिलीपेक्षा फार मोठी असते. तिच्या आत येणारी जुनी विहीर वायूपासून दूर असली तरी खारे पाणी वरच्या गोड्या पाण्यात ढकलू शकते. पायरी ३ मधला तक्ता आता या मोठ्या वर्तुळात पुन्हा तपासा.

विहिरीच्या तोंडाशी कोरडा वायू पाणी शोषून घेतो आणि मागे मीठ साठते, हेही मॉडेलमध्ये धरा. खूप खाऱ्या थरांत हे मीठ वाट बुजवते, आणि दाब वाढल्याचा दोष उगाच थरावर येतो.

बेसॉल्टसाठी वेगळी फूटपट्टी

बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून सोडला तर तो त्यांच्याशी संयोग पावून दगडच होतो. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रयोगात २०१२ मध्ये सोडलेल्या वायूचा सुमारे ९५ टक्के भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे दिसले. झाकणावरची भिस्त त्यामुळे कमी होते. मात्र टनामागे पंचवीसेक टन पाणी लागते, म्हणून इथे पाण्याचा स्रोत हीच पहिली चाळणी. वॉशिंग्टन राज्यात वालुला येथे २०१३ साली हजार टनांहून थोडा कमी वायू न विरघळवता थेट लाव्हाच्या थरांत सोडला गेला, आणि दोन वर्षांनी काढलेल्या कोअरमध्ये नवी कार्बोनेट खनिजे सापडली. लाव्हाच्या प्रवाहांचे माथे भुसभुशीत आणि वाहते, पोट घट्ट. म्हणून प्रत्येक प्रवाह वेगळा मोजा. सगळ्यांची मिळून सरासरी इथेही फसवते.

पायरी १० : वायू सोडण्याआधीची नोंद

किमान वर्षभर भूजलाचे रसायन, मातीतला वायू आणि नैसर्गिक हादरे मोजून ठेवा. मातीतला कार्बन डायऑक्साइड मुळे आणि जंतूंच्या श्वसनाने ऋतूनुसार खूप बदलतो. उन्हाळ्यातली एक आणि हिवाळ्यातली एक अशी दोनच मापे हातात असतील, तर पुढे कोणी गळतीचा आरोप केला की उत्तर देता येणार नाही. सिस्मिकचे मूळ चित्रही वायू सोडण्याआधीच घ्यावे लागते, कारण पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशीच होते.

अहवाल लिहिताना क्षमतेचा एक आकडा देऊ नका. कमी, मध्यम आणि जास्त असे तीन द्या आणि प्रत्येकाखाली तो कोणत्या गृहीतावर उभा आहे ते लिहा. त्याच पानावर थांबण्याची रेघही आखा: तळाचा दाब किती मेगापास्कलला पोहोचला की वेग निम्मा करायचा, कितीला झडप बंद करायची, आणि ती बंद करण्याचा अधिकार नेमका कोणाच्या हातात असेल.